दातारबाईंची वलयं

दातारबाईंच्या शोकसभेत सात जण बोलले. बाई शिस्तप्रिय होत्या, विद्यार्थ्यांवर त्यांचं प्रेम होतं, राहणी साधी होती, वगैरे वगैरे. एकाने तर त्यांना 'हसतमुख' म्हटलं. मी तिसऱ्या रांगेत बसून चडफडत होतो. एकवीस वर्षं मी बाईंच्या समोर टेबल लावून बसलोय. त्या हसतमुख असत्या तर माझं आयुष्य जरा सुखात गेलं असतं. आणि कहर म्हणजे हे सगळे मिळून बाईंची सरासरी काढत होते. ज्या बाईने जन्मभर सरासरीचा दुस्वास केला, तिची! शेवटी मला बोलायला सांगितलं, तर 'बाई फार मोठ्या होत्या' एवढंच म्हणून मी खाली बसलो. घरी येईपर्यंत स्वतःचाच राग येत होता. ते राहून गेलेलं भाषण आता लिहून काढतो आहे.

मी संख्याशास्त्र शिकवायचो, बाई फिजिक्स. कॉलेजात जागेची कायमची बोंब, म्हणून आम्हा दोघांना मिळून एकच केबिन दिली होती. पहिल्या दिवशी आत गेलो तर एक पाच फुटी बाई स्टुलावर चढून पंख्याजवळ थर्मामीटर धरून उभ्या. मग खाली उतरून त्यांनी तो दाराशी धरला, खिडकीशी धरला, कपाटामागे धरला. सात-आठ आकडे वहीत उतरवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कुलकर्णी ना? स्टॅटिस्टिक्सचे? मग तुमच्या शास्त्राप्रमाणे ही खोली एकोणतीस अंशांची आहे."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? तुमचं टेबल पश्चिमेच्या खिडकीशी लावलंय. तिथे तेहतीस आहे. माझ्याकडे सव्वीस. आता बसा सरासरीत."

आणि त्या आपल्या सव्वीस अंशांत जाऊन पेपर तपासायला लागल्या. मी मनात म्हटलं, झालं, निवृत्तीपर्यंत ही साडेसाती. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर माझं टेबल भिंतीलगत सावलीत सरकवलेलं. कोणी सरकवलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "शिपायाला विचारा." शिपाई म्हणाला, "मॅडमनीच ढकललं सकाळी. मला हातसुद्धा लावू दिला नाही."

सरासरीशी हे वैर त्यांना त्यांच्या विषयातून लागलं होतं. तरुणपणी बाई गुजरातेत एका संशोधन संस्थेत होत्या. सूर्याच्या पोटात जे चालतं ते पृथ्वीवर घडवून त्यातून वीज काढायची, असा तिथला खटाटोप. हलके अणू एकमेकांत मिसळायचे आणि त्यातून सुटणारी ऊर्जा पकडायची. त्यासाठी वायू इतका तापवावा लागतो की तो वायू राहतच नाही, त्याचा प्लाझ्मा होतो. दहा-पंधरा कोटी अंश. असला पदार्थ कुठल्या भांड्यात ठेवणार? म्हणून चुंबकांच्या जोरावर त्याला मेदुवड्याच्या आकारात अधांतरी धरून ठेवतात. पाच वर्षांत बाईंना तिथली गोडी लागली, तोच इकडे वडिलांना पक्षाघात झाला. बाई एकुलत्या एक. त्या पुण्याला परतल्या, कॉलेजात नोकरी धरली, आणि पुढे यंत्राचं तोंडही पाहिलं नाही. यंत्र सुटलं तरी आकडे सुटले नाहीत. जगभरच्या यंत्रांवर घेतलेली मोजमापं मागवायची आणि त्यातून किती ऊर्जा निघेल ते इथे बसून काढायचं. दुसऱ्याच्या चुलीवरचा भात शिजला की नाही ते पुण्यात बसून सांगणं, असं मी त्या कामाला म्हणायचो. बाईंना ते आवडायचं नाही, पण खोडून काढणंही त्यांना कधी जमलं नाही.

त्यांचा सगळा जीव एका प्रश्नात होता. तो मेदुवडा मोडला तर जो गोल काप दिसेल, त्यात ताप कसा पसरलेला असतो? मध्यभागी सगळ्यात जास्त आणि कडेला कमी, हे सर्वांनाच ठाऊक. पण मधून कडेपर्यंत तो उतरतो कसा? टेकडीसारखा उतरतो, की पठारासारखा बराच वेळ टिकून कडेला एकदम कोसळतो? बाकी सगळं तेच ठेवून तापमान दुप्पट केलं, तर त्या टप्प्यात अणूंची जुळणी दुप्पट होत नाही, साधारण चौपट होते. त्यामुळे दोन प्लाझ्मांची सरासरी एक आली तरी त्यांतून मिळणारी ऊर्जा एक नसते. कोण कुठे किती तापलंय, त्यावर सगळं अवलंबून. हे बाईंनी मला इतक्या वेळा सांगितलं की झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन.

करोनाच्या साथीनंतर कपाळावर रोखायची ती तापाची बंदूक स्वस्त झाली, तेव्हा बाईंची चंगळ झाली. तशीच, पण जास्त ताप मोजणारी एक त्यांनी घेतली आणि पर्समध्ये कायमची ठेवली. त्यांनी ती कुठेही बाहेर काढली की समोरचा माणूस सवयीने कपाळ पुढे करायचा. कोथरूडला आमच्या घराजवळ एक डोसेवाला होता, त्याच्याकडे एकदा मी बाईंना घेऊन गेलो. बाईंनी ऑर्डर द्यायच्या आधी बंदूक काढून तव्यावर रोखली. मालक गल्ल्यावरून उठून आला.

"ओ ताई, तव्याला ताप नाही येत."

"मधे भरपूर आलाय," बाई म्हणाल्या. "कडेला उतरलाय. म्हणून तुमचा डोसा मधे करपतो आणि कडेला चिवट लागतो."

"आजवर कुणाची तक्रार नाही."

"कडा कोण खातं इथे? सगळे ताटात टाकून जातात. बघा ती ताटं."

मालकाने ताटं पाहिली. खरोखरच प्रत्येक ताटात कडा पडल्या होत्या. पुढच्या महिन्यात मी गेलो तर तव्याखाली रुंद बर्नर आला होता. मी हे बाईंना कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोसा अजून आंबटच असेल."

गणपतीत आमच्या सोसायटीत मी हौसेने त्यांचं व्याख्यान ठेवलं. 'सूर्य पृथ्वीवर' असं झकपक नाव मीच दिलं होतं, त्यावरून आधी मला बोलणी बसली. पण बाई बोलल्या छान. फळ्यावर एक मोठा गोल, त्याच्या आत गोल, त्याच्या आत गोल, अशी वलयं काढून त्यांनी सगळं समजावलं. मग चेअरमननी हात वर केला. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ.

"मॅडम, सोपं आहे की मग! सगळा ताप मधोमधच लावून टाकायचा."

"तुमच्या घरी थालीपीठ होतं का?"

"होतं ना."

"उद्या त्याचा फक्त मधला घास घ्या आणि पोट भरलं का ते मला कळवा. मधलं वलय दिसतं मोठं, असतं एवढंसं. जास्त पीठ बाहेरच्या वलयांत असतं. तिथेही थोडा ताप पोचायला लागतो."

चेअरमन हटले नाहीत. "ते ठीक आहे. थोडक्यात सांगा, ही वीज कधी येणार?"

"थोडक्यात नाही येणार," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या.

आता बाईंच्या कामाच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याने घडलं. त्यांच्या हाताखाली जो कोणी पीएच.डी. करेल, त्याचा मुख्य निकाल एकदा हाताने तपासला जायचा. काँप्युटरने दिलेलं उत्तर बाजूला ठेवायचं. आलेखाच्या कागदावर मोठा गोल काढायचा, त्यात वलयं आखायची, प्रत्येक वलयात किती चौकोन बसतात ते पेन्सिलीने टिंबं देत मोजायचं, आणि मग गुणाकार-बेरीज. आणि हे काम करणाऱ्याला विषय ठाऊक नसला पाहिजे. "ज्याला उत्तर काय यायला हवं ते माहीत नाही, त्यानेच मोजायचं," असं बाई म्हणायच्या. वीसेक वर्षं तो अडाणी माणूस मी होतो. पाच प्रबंधांचे चौकोन मी मोजलेत. एकदाही फरक आला नव्हता, आणि प्रत्येक वेळी मला बक्षीस म्हणून कॅन्टीनचा चहा मिळाला.

सहावा विद्यार्थी प्रफुल्ल वानखडे, अमरावतीचा. वडील एस.टी.त कंडक्टर. उंच, हाडकुळा, बोलायला लाजणारा. सदाशिव पेठेत तीन पोरांत मिळून घेतलेल्या खोलीत राहायचा आणि मेसमधलं जेवून दिवसभर आमच्या केबिनबाहेरच्या काँप्युटरवर बसायचा. बाईंचा तो सगळ्यात लाडका. हे त्यांनी कबूल करणं शक्यच नव्हतं, पण चार वाजता चहा मागवताना त्या आपोआप तीन कप सांगायच्या. तापाचा कळस मध्यभागी जितका टोकदार, तितकी ऊर्जा फार जास्त मिळते, असं त्याने एका नव्या यंत्राच्या मोजमापांवरून दाखवलं होतं. दोघांच्या नावाने तो लेख परदेशी नियतकालिकात छापून आला आणि त्याच्या जोरावर जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने त्याला दोन वर्षांसाठी बोलावलं. फक्त प्रबंधाची तोंडी परीक्षा व्हायची होती.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना बाईंना आठवलं की प्रफुल्लचे चौकोन मोजायचे राहिलेत. राहिले कारण त्याने वापरलेला प्रोग्राम बाईंचा स्वतःचा होता, वीस वर्षं चाललेला. निव्वळ रीत पुरी करायची म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी दोन दुपारी बसून मोजले. उत्तर जुळेना. काँप्युटरचा आकडा माझ्यापेक्षा खूपच मोठा.

"चुकलात तुम्ही," बाई म्हणाल्या. "चष्मा बदला."

मी पुन्हा मोजले. माझं उत्तर तेच. बाईंनी कागद ओढून घेतला आणि स्वतः टिंबं द्यायला लागल्या. बाहेरच्या दोन-तीन वलयांपर्यंत त्या माझ्यावर वैतागत होत्या. मग पेन्सिल थांबली. त्यांनी उठून कपाटातून जुनी वही काढली.

झालं होतं ते असं. बाईंचा जुना प्रोग्राम अशी वलयं पाडायचा की प्रत्येकाचं क्षेत्रफळ सारखं. सगळी सारखी, तेव्हा नुसती बेरीज केली की काम भागायचं. नव्या यंत्राची मोजमापं मात्र सारख्या रुंदीच्या वलयांत आली होती. त्यात बाहेरचं वलय आतल्यापेक्षा कितीतरी मोठं. बाईंनी एका रविवारी बसून प्रोग्राम नव्या मोजमापांना जोडून दिला आणि बेरीज होती तशीच ठेवली. म्हणजे एवढ्याशा मधल्या घासाला बाहेरच्या भल्यामोठ्या वलयाइतकंच वजन मिळालं, आणि सगळ्यात जास्त ताप तिथेच. उत्तर फुगलं. आमच्या चेअरमनना थालीपीठ शिकवणाऱ्या बाईंकडून ही चूक व्हावी! नीट मोजलं तर टोकदार कळसाचा फायदा होता, पण अगदीच किरकोळ. प्रफुल्लचा प्रबंध ज्यावर उभा होता तो निकालच उरला नव्हता.

बाईंनी वही माझ्यापुढे धरली. प्रत्येक विद्यार्थ्याशी झालेलं बोलणं त्या दोन ओळींत टिपून ठेवायच्या. प्रफुल्लच्या दुसऱ्या वर्षाच्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं: 'प्रफुल्ल विचारतो, वलयांचं वजन बदलावं का. गरज नाही. त्याला प्रोग्रामला हात लावू नको म्हटलं.'

मी काय म्हणालो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "बाई, आठ दिवस थांबा. परीक्षा होऊन जाऊ दे. तो जर्मनीला पोचला की सावकाश दुरुस्ती पाठवा. कोणाचंच नुकसान नाही."

"परीक्षक त्याला प्रश्न विचारतील," बाई म्हणाल्या. "तो मनापासून उत्तरं देईल आणि ती खोटी असतील. मला माहीत असेल, तुम्हाला माहीत असेल. एकट्या त्याला माहीत नसेल. असं उभं करू त्याला?"

"त्याचं आयुष्य आहे हो हे."

"म्हणूनच विचारते."

मग त्यांनी पर्स उचलली. मी म्हटलं, तो परीक्षेच्या तयारीला खोलीवर बसलाय, त्यालाच बोलवून घेऊ इथे. तर म्हणाल्या, "चूक माझी आहे. जिने मी चढणार." बाई गुडघ्यांनी हैराण होत्या, आणि प्रफुल्लची खोली तिसऱ्या मजल्यावर. दर मजल्याला थांबत आम्ही वर गेलो. बाईंना दारात बघून तो इतका गोंधळला की आधी कॉटवरचा टॉवेल उचलला, मग पुन्हा तिथेच ठेवला. त्याचा जोडीदार स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन मुकाट बाहेर गेला. बाई कॉटच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी एकही शब्द न गिळता सगळं सांगितलं. कागद दाखवला. त्याला चूक एका मिनिटात कळली. मला दोन दुपारी लागल्या होत्या.

तिथेच त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी वही उघडली. "हे तू मला दुसऱ्या वर्षी विचारलं होतंस. तुला आठवत नसेल."

त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याने ते पान वाचलं, पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत पुण्याला येऊन त्याने घासूनपुसून शहरी केलेली भाषा एका क्षणात गळून पडली.

"म्हंजे मले तवाच बरोबर दिसलं होतं?"

"हो."

"आन् तुमी नाही म्हनलं."

"हो. माझं चुकलं, प्रफुल्ल."

मी बाईंच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकत होतो. प्रफुल्ल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "बाबानं कालच डेपोत पेढे वाटले, मॅडम. आता काय सांगू मी त्याले?"

बाईंनी वही मिटली. तो म्हणाला, "तुमी जा आता. माह्याशी काही बोलू नका." आम्ही उतरलो. खाली आल्यावर बाई म्हणाल्या, "कुलकर्णी, रिक्षा बघता का?" चालत जाण्याच्या अंतरावर बाईंनी रिक्षा केलेली मी त्या दिवशी पाहिली.

त्याच आठवड्यात त्यांनी तीन पत्रं पाठवली: विद्यापीठाला, त्या नियतकालिकाला आणि जर्मनीला. तिन्हींत एक वाक्य सारखं होतं. चूक सर्वस्वी माझी आहे; विद्यार्थ्याने नेमकी हीच शंका वेळेवर काढली होती आणि मी ती ऐकून घेतली नाही. नियतकालिकाच्या संपादकांनी कळवलं की दुरुस्तीत असं वैयक्तिक वाक्य घालायची पद्धत नाही. बाईंनी उलट कळवलं की मग पद्धत बदला, नाहीतर दुरुस्ती मी दुसरीकडे छापून आणते. वाक्य छापलं गेलं. ज्या बाईने शिपायापुढेसुद्धा कधी हार मानली नाही, तिचं ते वाक्य आता जगात कोणीही उघडून वाचू शकतं.

जर्मनीहून फार सभ्य उत्तर आलं. बाईंच्या प्रामाणिकपणाचं कौतुक होतं आणि जागा इतके महिने रिकामी ठेवता येत नाही असंही होतं. ती जागा दुसऱ्या कोणाला गेली. खरं सांगतो, मला तेव्हा बाईंचा राग आला होता. खरेपणा यांचा आणि फटका त्या पोराला, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर बोललो. त्या म्हणाल्या, "हो. तसंच झालंय."

परीक्षा लांबली ती सहा महिने. प्रफुल्ल रोज दहाला यायचा आणि कामापुरतं बोलायचा. चहा घ्यायचा नाही. बाई तरी तीन कप मागवायच्या आणि तिसरा निवून जायचा. बाईंनी एक नवीनच सुरू केलं होतं. रोज सकाळी स्वतःची आकडेमोड त्याच्या टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता तू माझं तपास." पहिल्या आठवड्यात तो नुसती सही करून परत द्यायचा. मग एक दिवस त्याने लाल पेनने एक ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी तीन. महिनाभरात पोरगं इतकं निर्दयपणे खोडायला लागलं की माझाच जीव बाईंसाठी खालीवर व्हायचा. बाई ती पानं वाचायच्या, मान हलवायच्या आणि पुन्हा लिहायला बसायच्या. असंच एकदा त्याला दिसलं की ऊर्जेचा मोठा वाटा मधोमधून येतच नाही, कडेकडूनही येत नाही. तो येतो त्या दोहोंच्या मधल्या वलयांतून, जिथे ताप बऱ्यापैकी टिकून आहे आणि जागाही भरपूर आहे. तेव्हा त्या वलयांत ताप कसा टिकवायचा, हा खरा प्रश्न. प्रबंध त्यावर नव्याने लिहिला गेला. त्यातून झालेल्या नव्या लेखावर बाईंनी आपलं नाव घालू दिलं नाही. "हे तुझं आहे," एवढंच म्हणाल्या.

प्रफुल्ल पास झाला आणि त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. परदेशात त्याने दोनदा अर्ज केले, जमलं नाही. वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला नोकरी लागली. आठवड्याला अठरा तास शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पेपर तपासायचे. संशोधनाचं नाव नाही. मला वाटलं, संपलं. एवढं हुशार पोर, आमच्या एका कागदाने त्याचा रस्ता बदलला. तो कागद मी मोजला होता, हेही मनातून जात नव्हतं.

निवृत्तीनंतर बाईंचा फोन गुरुवारी कधीच लागायचा नाही. विचारलं तर म्हणायच्या, "कामं असतात." कसली कामं, ते मला दोन वर्षांनी कळलं, तेही योगायोगाने. भाचीच्या प्रवेशाची चौकशी करायला मी वाघोलीला गेलो होतो. काम आटपून नगर रोडच्या बसस्टॉपवर येतो तर बाकावर दातारबाई. गुडघ्यांवर कागदांचा गठ्ठा, बाजूला काठी, आणि शेजारी प्रफुल्ल. भोवती कॉलेजच्या पोरांची ही गर्दी, ट्रकांचा आवाज, धूळ. दोघांचं लक्ष कशाकडेही नव्हतं. कोथरूडहून दोन बस बदलून बाई दर गुरुवारी यायच्या. त्याचे तास संपेपर्यंत कॉलेजच्या वाचनालयात बसायच्या आणि मग दोघं मिळून पुढचं काम करायची. कॉलेज पाचला बंद व्हायचं, म्हणून उरलेलं स्टॉपवर. हे मला स्टॉपवरच्या त्याच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं. मी पुढे होऊन बोलणार, तेवढ्यात प्रफुल्लचा आवाज चढला.

"नाही मॅडम, हे चुकलंय तुमचं. साफ चुकलंय! कडेचा उतार तुम्ही सरळ रेषेत धरून राहिल्या."

"अरे, वीस वर्षं मी तसाच धरत आलेय."

"मंग वीस वर्षं चुकून राहिल्या तुमी!"

दहा-बारा पोरं वळून बघायला लागली. सरांनी एका म्हाताऱ्या बाईंना असं झापलेलं त्यांनी कधी पाहिलं नसणार. बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग प्रफुल्लच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि अख्खं पान आडवी रेघ मारून खोडलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग कसा धरायचा ते सांग."

आणि तो सांगायला लागला. हात हवेत फिरवत, वऱ्हाडी-पुणेरी एक करून, धडाधड. जर्मनी, पेढे, तो तिसरा मजला, सगळं तिथेच होतं, कुठे गेलं नव्हतं. तरी तो त्यांना सांगत होता, आणि त्या कान देऊन ऐकत होत्या. बाईंना मी त्यानंतर पाहिलं नाही. पावसाळा संपता संपता त्या गेल्या, झोपेतच.

त्या गुरुवारी स्टॉपवर कोथरूडकडे जायला सोयीची बस आली. मी पायरीवर चढलो आणि मागे वळून ओरडलो, "बाई, चला, आपली बस!"

बाईंनी मान वर केली नाही. नुसता हात हलवला.

"तुम्ही व्हा पुढे, कुलकर्णी. तो अजून सांगतोय."